कोण कुणाच्या खाली? एक्सेलच्या कॉलमांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळचे बरेच प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतायत. शीटमध्ये माहिती आडवी पसरलीये आणि पुढचं सॉफ्टवेअर म्हणतंय मला तीनच कॉलम द्या, आयडी, नाव आणि पॅरेंट आयडी, म्हणजे ज्याच्या खाली ते येतं त्याचा आयडी. म्हणून सगळे एकत्रच घेतले. पहिलं उत्तर जरा लांबलंय पण बाकीची त्याच्याच जिवावर आहेत, त्यामुळे ते गाळून पुढे जाऊ नका.

प्रश्न: नमस्कार दादा, मी पाणी तपासणीचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. आमच्या शीटमध्ये जिल्हा, तालुका, गाव असे तीन कॉलम आहेत आणि हजारो ओळी. सर्व्हेच्या ॲपवाल्यांना हे पॅरेंट-चाइल्ड पद्धतीत हवंय. मी तालुक्यांची युनिक यादी काढली, गावांची काढली आणि व्हीलुकअप लावून गावाला तालुका, तालुक्याला जिल्हा असं जोडत गेले. सगळं ठीक वाटत होतं पण आता आमच्या खेडची गावं पुणे जिल्ह्यात दिसतायत. व्हीलुकअप चुकतोय का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: ताई, व्हीलुकअप त्याचं काम बरोबर करतोय. तुम्ही त्याला विचारलंत खेड कुठल्या जिल्ह्यात, तो वरून खाली बघत आला, पहिलं जे खेड भेटलं त्याचा जिल्हा देऊन मोकळा झाला. शीट जिल्ह्याच्या नावाप्रमाणे लावलेली असणार, म्हणजे पुणे आधी आणि रत्नागिरी नंतर. खेड नावाचे तालुके दोन आहेत, एक पुण्याचं राजगुरुनगरवालं आणि एक तुमच्या शेजारचं. आणि हे एकट्या खेडचं नाहीये, कर्जत रायगडमध्ये आहे तसं अहिल्यानगरमध्येही आहे, आष्टी बीडला आणि वर्ध्याला, कारंजा वाशिमला आणि वर्ध्याला, कळंब धाराशिवला आणि यवतमाळला, नाशिकचं मालेगाव सगळ्यांना माहीत असतं पण वाशिमच्या मालेगावचं लक्षातच येत नाही. तालुक्यांची ही गत, मग वडगाव आणि पिंपळगाव किती असतील ते तुम्हीच बघा.

तेव्हा नुसतं नाव ही ओळख धरायचीच नाही. ओळख म्हणजे वरपासून तिथपर्यंतचा अख्खा रस्ता. नुसतं "खेड" नाही, "महाराष्ट्र|रत्नागिरी|खेड". एवढं एक पक्कं केलंत की पॅरेंट नावावरून शोधत बसायची गरजच उरत नाही, कारण रस्त्याचा शेवटचा तुकडा कापला की जे राहतं तोच पॅरेंट. पोस्टमन पत्त्यावर नुसतं नाव वाचून दार वाजवत नाही, गल्ली पेठ बघतो, तसंच.

आता हातानं करायचं तर चाळीस ओळींपर्यंत हातानंच करा, खरंच सांगतो, उगाच टूल शिकण्यात दुपार घालवू नका. पण हजारो ओळींना पॉवर क्वेरी, म्हणजे एक्सेलमधलंच माहिती साफ करून नव्यानं मांडायचं टूल. एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे, डेटा टॅबमध्ये, २०१० आणि २०१३ ला वेगळं ॲड-इन टाकावं लागायचं. शीटवर कुठेही क्लिक करून कंट्रोल-टी दाबा म्हणजे टेबल होईल, मग डेटा टॅबमधून फ्रॉम टेबल. एडिटर उघडला की सगळ्यात आधी उजवीकडच्या स्टेप्समध्ये बघा, तिनं न विचारता चेंज्ड टाइप नावाची एक स्टेप घुसवलेली असते, ती कोडचे सुरुवातीचे शून्य खाऊन टाकते, तुमच्याकडे कोडचे कॉलम असतील तर ती स्टेप उडवा.

मग ॲड कॉलममधून एक कस्टम कॉलम घ्या ज्यात सगळ्या ओळींना "महाराष्ट्र" एवढंच येईल. हे कशाला ते खाली कळेल. त्यानंतर मर्ज कॉलम्सनं तीन नवे कॉलम बनवा, पहिल्यात महाराष्ट्र आणि जिल्हा, दुसऱ्यात महाराष्ट्र, जिल्हा, तालुका, तिसऱ्यात गावापर्यंत सगळं. ज्या क्रमानं कॉलम सिलेक्ट कराल त्याच क्रमानं ते जोडले जातात, त्यामुळे कंट्रोल दाबून डावीकडून उजवीकडे एकेक निवडा. आणि मर्ज कॉलम्स ॲड कॉलम टॅबमधलंच वापरा, ट्रान्सफॉर्ममधलं मूळ कॉलम खाऊन टाकतं. मधे सेपरेटर म्हणून उभी दांडी द्या. डॅश, कॉमा, स्लॅश नको, गावांच्या नावात लोक काय काय टाइप करतात ते तुम्हाला माहितीये.

आता महाराष्ट्रवाला कॉलम आणि हे तीन रस्ते एवढे चार ठेवून बाकीचे कॉलम काढून टाका, चारही सिलेक्ट करून अनपिव्हॉट करा, म्हणजे आडवे कॉलम एकाखाली एक उभे होतील. ॲट्रिब्यूट नावाचा कॉलम येईल तो डिलीट, व्हॅल्यूवर रिमूव्ह डुप्लिकेट्स. झालं, राज्य जिल्हे तालुके गावं सगळे एका उभ्या कॉलममध्ये आले, प्रत्येक एकदाच, आणि दोन्ही खेड वेगवेगळे. पुष्कळ जण मूळ तीन कॉलमांनाच थेट अनपिव्हॉट करतात आणि मग म्हणतात की हे काम करत नाही. महिन्यांच्या कॉलमांना ते चालतं, जानेवारी आणि फेब्रुवारी भाऊ-भाऊ आहेत, जिल्हा आणि तालुका भाऊ-भाऊ नाहीत, तिथे नात्याचा धागाच तुटतो. आधी रस्ता, मग अनपिव्हॉट.

पुढे ॲड कॉलममध्ये एक्स्ट्रॅक्ट आहे, त्यात टेक्स्ट बिफोर डिलिमिटर घ्या, उभी दांडी द्या आणि ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन शोध शेवटाकडून सुरू करा असं सांगा. हा झाला पॅरेंटचा रस्ता. तसंच टेक्स्ट आफ्टर डिलिमिटर, तेही शेवटाकडून, हे झालं नाव. इथे एक खोच आहे, ज्या ओळीत दांडीच नाही तिथे कापायला जागाच नसते, त्यामुळे ती ओळ स्वतःच स्वतःची पॅरेंट होऊन बसू शकते. महाराष्ट्र सगळ्यांच्या डोक्यावर ठेवलंय ते यासाठीच, अशी ओळ आता एकच उरते, तिचा पॅरेंट रिकामा करा आणि नाव भरा. जिल्हे डोक्यावर ठेवले असते तर प्रत्येक जिल्ह्याला हे निस्तरावं लागलं असतं.

शेवटी रस्त्याच्या कॉलमवर सॉर्ट करा, त्यानं आपोआप पॅरेंट आधी आणि पोरं नंतर येतात, मग इंडेक्स कॉलम १ पासून, तो तुमचा आयडी. आणि मर्ज क्वेरीजमध्ये ही क्वेरी तिच्याशीच जोडा, वर पॅरेंटचा रस्ता निवडा, खाली रस्ता, लेफ्ट आउटर, आणि उघडताना फक्त इंडेक्स घ्या, तो पॅरेंट आयडी. मर्जनंतर ओळी हललेल्या दिसल्या तर इंडेक्सवर परत सॉर्ट.

पण ताई, एक गोष्ट ॲपवाल्यांना आधीच विचारून घ्या. हा इंडेक्स आज केलात तर ठीक, उद्या मधेच एक गाव वाढलं आणि रिफ्रेश मारलं की त्याच्या खालच्या सगळ्यांचे नंबर एकेकानं सरकणार, आणि ॲपमध्ये जुन्या नंबरवर नोंदी पडलेल्या असतील तर या गावच्या विहिरीचा रिपोर्ट त्या गावाला. त्यांचं ॲप आयडीमध्ये अक्षरं घेत असेल तर सरळ रस्ताच आयडी म्हणून द्या. त्याहून चांगलं म्हणजे केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, तिथे राज्य, जिल्हा, तालुका, गाव सगळ्यांना कोड दिलेत आणि याद्या डाउनलोड होतात. ते कोड लावा, फक्त कोडच्या आधी पातळीचं अक्षर जोडा, रा, जि, ता, गा असं काहीतरी, कारण महाराष्ट्राचा राज्य कोड २७ आहे आणि सगळ्या पातळ्या एकाच कॉलममध्ये आल्या की तो दुसऱ्या कुणाच्या तरी २७ शी भिडू शकतो. कोड लावण्याचं आणखी एक कारण म्हणजे बुद्रुक आणि खुर्द. भरणाऱ्यानं कंटाळून दोन्हीकडे नुसतं वडगाव लिहिलं असेल तर रस्ता सारखाच येणार आणि दोन खरी गावं डुप्लिकेट म्हणून एकात जिरणार, तिथे कोडशिवाय कुणीच वाचवू शकत नाही.

प्रश्न: तुमच्या आधीच्या एका उत्तराप्रमाणे रस्त्याची पद्धत वापरली. महाराष्ट्राचे जिल्हे ३६ पाहिजेत, माझ्याकडे ४१ आले. आणि सातारा जिल्ह्यात कऱ्हाड दोनदा आलंय, दोन्ही डोळ्यांना सेम टू सेम दिसतात, स्पेसही नाहीये, ट्रिम मारून झालं. (एक वाचक, सातारा)

उत्तर: ३६ ची तपासणी केलीत हे फार छान, पुष्कळ जण तेही करत नाहीत.

आधी जास्तीचे पाच बघू. नावं बदललेले जिल्हे बहुतेक दोन्ही नावांनी आले असणार. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये, आणि तुमची शीट वर्षानुवर्षं साचलेली दिसतेय. हे तिघं झाले, उरलेले दोन "बीड" "बिड" असल्या ऱ्हस्व-दीर्घातले निघतील. यासाठी फाइंड-रिप्लेस करत बसू नका, एक छोटी शीट करा, डावीकडे जे जे लिहिलं जातं ते आणि उजवीकडे तुम्ही धरलेलं एकच नाव, आणि ती मर्ज क्वेरीजनं जोडा. पुढच्या महिन्यात कुणी नवीन पराक्रम केला की त्या शीटमध्ये एक ओळ वाढवायची बस. पालघर मात्र वेगळी केस आहे, तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघाला, म्हणजे जुन्या ओळींमध्ये डहाणू ठाण्याखाली असणं चूक नव्हतं. तिथे दोन पॅरेंट ठेवू नका, सगळं आजच्या रचनेत आणा आणि जुना जिल्हा हवाच असेल तर वेगळ्या कॉलममध्ये लिहून ठेवा.

आता कऱ्हाड. तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्याच्यासाठी खालच्या टिंबाचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात, काही साधा र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. स्क्रीनवर दोन्ही सारखंच उमटतं पण कॉम्प्युटरला ती वेगळी अक्षरं आहेत आणि ट्रिम फक्त मोकळ्या जागा काढतो, त्याला याच्याशी देणंघेणं नाही. खात्री करायची तर एक्सेलमध्ये लेन फंक्शननं दोन्हीची लांबी मोजा, वेगळी येईल. उपाय असा की एका सेलमधून तो तुकडा कॉपी करायचा, रिप्लेस व्हॅल्यूजच्या पहिल्या खान्यात पेस्ट करायचा, दुसऱ्या खान्यात दुसऱ्या सेलमधला तुकडा. हाताने टाइप करू नका, तुमचा कीबोर्ड परत तेच टाइप करेल. नुसतं ते न दिसणारं चिन्ह उडवलंत तर र चा रफार होऊन हच्या डोक्यावर जाऊन बसेल, तेही नको. असाच घोळ ॲ चा आहे, एक ॲ एकसंध अक्षर म्हणून येतो आणि दुसरा अ वर चंद्र ठेवून. हे सगळं रस्ते जोडायच्या आधी करायचं हां, नंतर नाही.

आणि फाइल जुन्या फॉन्टातली असेल, श्रीलिपी वगैरे, तर आधी ती युनिकोड करून घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच बोलण्यात अर्थ नाही.

प्रश्न: सर, आमचा छोटा कारखाना आहे. ईआरपीमधून (कारखान्याचा सगळा कारभार ज्यात चालतो ते सॉफ्टवेअर) बिल ऑफ मटेरियल, म्हणजे कशात कुठले पार्ट लागतात त्याची यादी, काढलं तर एकच पार्ट नंबरचा कॉलम येतो आणि शेजारी लेव्हल, ०, १, २, ३. कोण कुणात बसतो ते फक्त ओळींच्या क्रमावरून कळतं. पॅरेंट पार्टचा कॉलम कसा काढू? (एक वाचक, भोसरी)

उत्तर: इथे रस्ता आयता नाहीये, तो क्रमात लपलाय, म्हणून पहिली गोष्ट इंडेक्स कॉलम टाका आणि तो पडेपर्यंत सॉर्ट-फिल्टर कशालाही हात लावू नका. एकदा क्रम गेला की ईआरपीतून परत काढण्याशिवाय इलाज नाही.

नियम साधा आहे, लेव्हल ३ चा पॅरेंट म्हणजे त्याच्या वर चढत जाताना भेटणारा पहिला लेव्हल २. पॉवर क्वेरीत हे असं करायचं, प्रत्येक लेव्हलला एक कंडिशनल कॉलम, लेव्हल ० असेल तर पार्ट नंबर नाहीतर नल (म्हणजे काहीच नाही), तसंच १ ला, तसंच २ ला, आणि मग या सगळ्यांना फिल डाउन, म्हणजे नल असेल तिथे वरचंच खाली भरत जाणं. आता शेवटचा कॉलम, ओळीची लेव्हल १ असेल तर शून्यवाला कॉलम, २ असेल तर एकवाला, ३ असेल तर दोनवाला. फिल डाउन केल्यावर आधीच्या असेंब्लीचे पार्ट खाली ओघळलेले दिसतील, घाबरू नका, आपण नेहमी बरोब्बर एक पायरी वरचाच कॉलम वाचतो आणि पोर यायच्या आधी त्याचा पॅरेंट नव्यानं आलेलाच असतो. पण पूर्ण रस्ता जोडायचा असेल तर त्या ओळीच्या लेव्हलपर्यंतचेच कॉलम घ्या, नाहीतर शेजारच्या असेंब्लीचा नट तुमच्या रस्त्यात येईल. काही ईआरपी लेव्हलच्या आधी टिंबं छापतात, ती रिप्लेसनं उडवून कॉलमला नंबर करा.

आता खरी अडचण सांगतो जी तुम्ही विचारली नाहीये. एम-८ चा तोच बोल्ट तुमच्या किती असेंब्लीत लागत असेल? म्हणजे त्याला पॅरेंट अनेक. गावाला एकच तालुका असतो, बोल्टाला नाही. त्यामुळे इथे रिमूव्ह डुप्लिकेट्स नुसत्या पार्ट नंबरवर मारलंत तर बोल्ट एकाच ठिकाणी उरेल आणि बाकीच्या असेंब्ली बोल्टाविना जातील. दोन टेबलं करा, एकात पार्ट नंबर आणि वर्णन, प्रत्येक पार्ट एकदाच. दुसऱ्यात पॅरेंट पार्ट, चाइल्ड पार्ट आणि नग किती, इथे पार्ट कितीही वेळा येऊ दे. एकच सब-असेंब्ली दोन प्रॉडक्टमध्ये असेल तर तिच्या पोटातल्या ओळीही दोनदा आल्या असणार, तेव्हा डुप्लिकेट काढताना पॅरेंट आणि चाइल्ड दोन्ही कॉलम सिलेक्ट करून काढा. एकाच असेंब्लीत तोच बोल्ट मुद्दाम दोन ओळींत दिला असेल तर मात्र आधी नगांची बेरीज.

प्रश्न: आमच्याकडे एक्सेल नाही, संस्था फुकटवालंच वापरते. गुगल शीट्सवर होईल का? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर: होईल. शीट्समध्ये रस्ते टेक्स्टजॉइननं जोडा, सगळे रस्ते फ्लॅटननं एका उभ्या कॉलममध्ये आणा, त्याला युनिक लावा. गोव्याचं काम तर छोटं आहे, बाराच तालुके, तपासायलाही सोपं.

पण नावांची साफसफाई जास्त असेल तर ओपनरिफाइन बघा. गुगलनं २०१० मध्ये मेटावेब नावाची कंपनी घेतली त्यांच्याकडचं हे टूल, आधी गुगल रिफाइन होतं, २०१२ पासून लोकांच्या हातात गेलं आणि नाव बदललं. उघडतं ब्राउझरमध्ये पण चालतं तुमच्याच मशीनवर, डेटा बाहेर जात नाही, लाभार्थ्यांच्या याद्या असतील तर हे महत्त्वाचं आहे. त्यातलं क्लस्टर अँड एडिट सारख्या दिसणाऱ्या नावांचे गठ्ठे करून समोर ठेवतं, देवनागरीला नियरेस्ट नेबरवाली पद्धत लावून बघा. कॉलम जोडायला जॉइन कॉलम्स आहे, उभं करायला ट्रान्सपोज आहे. डुप्लिकेट काढणं मात्र तिथे जरा द्राविडी प्राणायाम आहे, सॉर्ट, मग ओळी कायमच्या लावा, मग ब्लँक डाउन, मग रिकाम्या फिल्टर करून उडवा. मी असतो तर साफसफाई तिथे केली असती आणि झाड शीट्समध्ये.

प्रश्न: शीटमध्ये जिल्ह्याचा सेल मर्ज केलेला आहे, पन्नास ओळींना एकच. टेबल केलं की फक्त पहिल्या ओळीत नाव राहतं. आणि मुंबई शहराला तालुकाच नाही, तिथे काय लिहू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: मर्ज केलेले सेल हा प्रकार बंद व्हायला पाहिजे, छापायला छान दिसतो आणि बाकी सगळ्यांचा जीव घेतो. पॉवर क्वेरीत तो कॉलम सिलेक्ट करून फिल डाउन, काम झालं. फक्त तालुक्याच्या कॉलमला फिल डाउन मारताना जपून, तिथे रिकामं हे खरंच रिकामं असू शकतं, आणि मग मुंबई शहराच्या ओळींना वरच्या जिल्ह्याचा शेवटचा तालुका चिकटेल.

तालुका नाही तिथे "लागू नाही" वगैरे लिहू नका, नाहीतर लागू नाही नावाचा तालुका तयार होतो आणि रिपोर्टमध्ये मिरवतो. नल राहू द्या. मर्ज कॉलम्स नल असलेला तुकडा गाळून पुढे जोडतं, त्यामुळे खालचा वॉर्ड किंवा भाग थेट मुंबई शहर जिल्ह्याखाली येतो, आणि तालुक्याचा रस्ता जिल्ह्याच्या रस्त्यासारखाच होऊन डुप्लिकेटमध्ये निघून जातो. मुंबई उपनगरला कुर्ला, अंधेरी, बोरिवली आहेत, ते भरा. सेलमध्ये फॉर्म्युल्यानं आलेलं रिकामं टेक्स्ट असेल तर ते नल नसतं, आधी रिप्लेस व्हॅल्यूजनं नल करून घ्या.

प्रश्न: मी अकाउंट्सची विद्यार्थिनी आहे. हे पॅरेंट आयडी प्रकरण डोक्यावरून जातंय. (एक वाचक, नांदेड)

उत्तर: तू टॅलीत लेजर बनवताना "अंडर" भरतेस ना, तेच पॅरेंट. गिऱ्हाइकाचं लेजर सन्ड्री डेटर्सखाली, सन्ड्री डेटर्स करंट ॲसेट्सखाली. टॅलीत २८ ग्रुप आधीच तयार येतात, त्यातले १५ प्रायमरी म्हणजे ज्यांच्या वर कुणी नाही आणि १३ त्यांच्या पोटातले. बाहेरून मास्टर चढवताना आधी ग्रुप चढव, मग लेजर, कारण ज्याच्याखाली टाकायचं तो तिथे हजर पाहिजे.

प्रश्न: घराण्याची वंशावळ एक्सेलमध्ये केलीये, आजोबा, वडील, मुलगा असे कॉलम. याच पद्धतीनं झाड होईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: फक्त बापाच्या बाजूचं करायचं असेल तर होईल, आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपल्याकडची रीत बघता रस्त्याची पद्धत तिथे लागणारच, एकाच कॉलममध्ये तीन-तीन रामचंद्र असतील. पण आई, सुना, माहेर हे सगळं घ्यायचं तर पॅरेंट आयडीचा एक कॉलम पुरत नाही, माणसाला पॅरेंट दोन असतात. निदान वडील आयडी आणि आई आयडी असे दोन कॉलम ठेवा. वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये जेडकॉम नावाचा जो फॉरमॅट चालतो त्यात माणसांची नोंद वेगळी आणि कुटुंबाची वेगळी असते, कुटुंबात नवरा, बायको आणि मुलं. दोन लग्नं झालेले पणजोबा असतील तर त्यांच्या नावावर दोन कुटुंबं येतात आणि कोण कुणाचं सावत्र ते आपोआप सुटतं. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असलं तरी तिथे अडत नाही, एकाच माणसाचा आयडी दोन कुटुंबांत येतो, तो तसाच येऊ द्या.